चिलिकाबद्दल तुम्ही विचारलंत

प्रश्न : चिलिका म्हणजे तलाव का खाडी? पाणी गोडं का खारं?

दोन्ही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. ओडिशात पुरी, खोर्धा, गंजाम अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं हे मचूळ पाण्याचं सरोवर, समुद्राच्या आणि त्याच्या मध्ये फक्त वाळूचा एक लांब पट्टा. वरून दया, भार्गवी अशा महानदीच्या फाट्यांचं गोडं पाणी येतं, मुखातून समुद्र आत येतो. पावसाळ्यात चिलिका अकराशे चौरस किलोमीटरच्या पुढे पसरते, उन्हाळ्यात नऊशेपर्यंत आटते. साताप‍डाला (हे चिलिकाकाठचं गाव) मी मे महिन्यात होडीतून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं तर समुद्रच, आणि ऑक्टोबरात त्याच जागी घेतलं तर जेमतेम खारट.

प्रश्न : २००० साली नवीन मुख खोदून चिलिका वाचवली असं वाचलंय. मग आता काळजी कसली?

वाचवली हे खरंय. लाटा वाळू सतत उत्तरेकडे ढकलत राहतात त्यामुळे जुनं मुख सरकत सरकत लांब गेलं, वाट गाळाने भरली, पाणी गोडं होत गेलं आणि पाणवनस्पती माजल्या. मासळी वर्षाला दोन हजार टनांच्याही खाली आली, कारण बोय आणि कोळंबी अंडी घालतात समुद्रात, पिल्लं आत येणार ती मुखातूनच, आपल्या खाडीतही तेच आहे. १९९३ मध्ये चिलिका रामसरच्या, म्हणजे पाणथळ जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, धोक्यातल्या यादीत गेली. सप्टेंबर २००० मध्ये नवं मुख कापलं, दोनेक वर्षांत मासळी दहा हजार टनांवर गेली आणि २००२ मध्ये यादीतून नावही निघालं.

पण लाटा काही थांबलेल्या नाहीत ना, हे मुखही सरकतंय. २०१९ च्या फनी वादळाने वाळूचा पट्टा फोडून आणखी मुखं उघडली, खारेपणा एकदम वाढला. आणि वरून नद्यांचा गाळ येतोच आहे. मला स्वतःला समुद्रापेक्षा या गाळाची भीती जास्त वाटते, कारण मुख वर्षभरात खोदता येतं पण अख्ख्या पाणलोटातली माती अडवायला पिढी जाते.

प्रश्न : ‘घेरी’ म्हणजे काय, एवढा वाद का?

बांबू, जाळी नाहीतर मातीचा बांध घालून पाणी अडवायचं आणि आत कोळंबी पाळायची. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने चिलिकाच्या हजार मीटरच्या आत कोळंबी-उद्योगाला मनाई केली. १९९९ मध्ये सोराना गावात याच वादात पोलीस गोळीबारात माणसं गेली. तरी घेरी तोडतात आणि पुन्हा उभ्या राहतात. ज्या पारंपरिक कोळ्याची होडी जाण्याची वाटच बंद होते त्याच्या बाजूने मी उघड उभा आहे, जाळं टाकायचं तरी कुठे त्याने?

प्रश्न : डिसेंबरात जातोय, डॉल्फिन दिसतील?

दिसतील. इरावती डॉल्फिन, चोच नाही, गोल डोकं, पाठीवर छोटासा पर. सगळे मिळून दीडशेच्या आसपासच आहेत हो, म्हणून बोटवाल्याला आधीच सांगा की पाठलाग नको, लांबून इंजिन बंद करून थांबायचं. पाचेक मिनिटं गप्प बसलात की बाजूलाच फुस्स करून श्वास ऐकू येतो. चिलिकातल्याच नालाबण अभयारण्यात पक्षी बघायचे असतील तर सकाळी लवकर निघा, दुर्बीण न्याच.