कारखाने बंद पडून माणसं कमी होत गेलेल्या शहराची रचना नव्याने कशी करावी?

तुम्ही विचारलंय की असं शहर पुन्हा पूर्वीसारखं भरावं म्हणून आराखडा कसा असावा. माझा आक्षेप ‘पूर्वीसारखं’ला आहे. जे राहिलेत त्यांच्यासाठी आधी आराखडा करा. नवे लोक यायचे तेव्हा येतील.

मी अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, पाणी आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांचं काम करतो, त्यामुळे तिथलंच सांगतो. 1950 साली या शहरात साडेअठरा लाख माणसं होती, 2020 च्या जनगणनेत 6 लाख 39 हजार. मोटार कारखाने बाहेर गेले, नव्या हमरस्त्यांवरून गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला. असाच एक हमरस्ता ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची गजबजलेली वस्ती पाडून तिच्यावरून नेला. शहराची हद्द मात्र तेवढीच राहिली, सुमारे 360 चौरस किलोमीटर.

खरी अडचण जमिनीखाली आहे. पाइप टाकले साडेअठरा लाखांच्या हिशोबाने आणि बिल भरणारे उरले एक तृतीयांश. मोठ्या पाइपात पाणी फार वेळ पडून राहिलं की त्यातलं क्लोरिन कमी होत जातं. एका गल्लीत तीनच घरं उरली तरी त्या तिघांसाठी अख्खी लाइन चालू ठेवावी लागते आणि तिचा खर्च सगळ्यांच्या बिलात येतो.

मग त्या तीन घरांना दुसरीकडे हलवा, असं कागदावर सहज सुचतं. 2010 मध्ये महापौर डेव्ह बिंग यांनी तशी भाषा केली आणि लोक भडकले. मला त्या लोकांचं पटतं. एकदा हमरस्त्यासाठी उठवलेल्यांच्या मुलानातवंडांना ‘पुन्हा उठा’ म्हणणं हे नियोजन नव्हे.

त्यापेक्षा दिव्यांचं काम बघा. 2013 मध्ये शहराने दिवाळखोरी पत्करली तेव्हा जवळपास 40 टक्के पथदिवे बंद होते. पूर्वीचे 88,000 दिवे जसेच्या तसे दुरुस्त करत न बसता 2016 अखेर 65,000 नवे एलईडी बसवले. तांब्याच्या तारा चोरीला जायच्या म्हणून ॲल्युमिनियमच्या टाकल्या. दिवे कमी, पण चालू. अशा शहराची रचना मला या पद्धतीने करावीशी वाटते.

दुसरी गोष्ट रिकाम्या प्लॉटची. घर पाडल्यावर शेजारचा प्लॉट शहराच्या लँड बँकेकडे, म्हणजे रिकामी घरं-जागा ताब्यात घेऊन विकणाऱ्या संस्थेकडे असेल, तर लगतच्या घरमालकाला तो 100 डॉलरला मिळू शकतो. पूर्व भागातल्या एका आजींनी असा प्लॉट घेतलाय. जुन्या रंगामुळे मातीत शिसं असण्याची भीती, म्हणून त्यांनी लाकडी चौकटीत बाहेरची माती भरून वाफे केलेत. त्यात टोमॅटो आणि पालेभाजी, रस्त्याच्या बाजूला एक बाक. तिथे आता कुणी कचरा टाकत नाही. त्यांची तक्रार एकच, बस वेळेवर येत नाही. आराखडा करणाऱ्यांनी ही तक्रार सगळ्यात वर लिहायला हवी. मोटारींसाठी बांधलेल्या या शहरात मोटार नसलेल्या माणसाला दवाखाना गाठणंसुद्धा जड जातं.

काही मोकळ्या प्लॉटवर पावसाचं पाणी मुरवायच्या बागा केल्यात, आणि त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. इथे पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच वाहिनीतून जातं. 2021 च्या जूनमध्ये मोठा पाऊस झाला तेव्हा ते घरांच्या तळघरांत शिरलं.

आपल्याकडचे लोक इथे गिरणगावचं उदाहरण देतात. ती गोष्ट वेगळी. गिरण्या बंद झाल्या तरी मुंबईतली जमीन सोन्याच्या भावाची होती. तिथे भांडण होतं वाट्याचं. 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीत महापालिका आणि म्हाडा यांचा वाटा होता, 2001 च्या बदलाने तो फक्त गिरणीच्या मोकळ्या जागेपुरता उरला. डेट्रॉइटमध्ये जमीन फुकट दिली तरी घ्यायला कुणी नव्हतं. त्यामुळे एकीकडचा उपाय उचलून दुसरीकडे लावता येत नाही.

सुरुवात कुठून करायची विचाराल, तर मोजणीपासून. 2013-14 च्या हिवाळ्यात डेट्रॉइटमध्ये लोकांनी टॅब्लेट घेऊन जवळजवळ 3 लाख 80 हजार मिळकतींची नोंद केली: घर आहे की नाही, कुणी राहतं का, जळलंय का, आणि प्रत्येकाचा फोटो. तुमच्या शहरात अशी यादी आहे का, हे आधी बघा. नसेल तर ती करून घेईपर्यंत कुठल्याही सल्लागाराच्या रंगीत नकाशाला पैसे देऊ नका.