सार्कोमाची पेशी रूप का पालटते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा मुलगा आंब्याच्या बागेत पडला आणि तेव्हापासून त्याचा गुडघा दुखतो. मुका मार समजून आम्ही लेप आणि मालीश करत राहिलो. आता एक्स-रे पाहून डॉक्टरांनी ऑस्टिओसार्कोमाची शंका घेतली आहे. पडल्यामुळेच हे झाले का? (एक वडील, देवगड)

उत्तर : नाही. सार्कोमा म्हणजे हाड, स्नायू, चरबी अशा ऊतींतला कर्करोग, आणि ऑस्टिओसार्कोमा हा त्यातला हाडाचा. मार लागल्याने हा आजार होतो असा पुरावा नाही. त्या निमित्ताने आधीच वाढू लागलेल्या गाठीकडे लक्ष जाते, एवढेच. तेव्हा त्याला बागेत का जाऊ दिले, ही रुखरुख कृपा करून मनातून काढून टाका. हाडे झपाट्याने वाढण्याच्या वयात आणि बहुधा गुडघ्यालगतच्या हाडांत हा आजार दिसतो. पेशीविभाजनाला आवर घालणारी टीपी५३ आणि आरबी१ ही जनुके त्यात पुष्कळदा निकामी झालेली असतात आणि गुणसूत्रांची मोठी मोडतोड झालेली असते. मालीश आजच थांबवा. हाड ठिसूळ झालेले असू शकते, म्हणून त्या पायावर भार देऊ नका. बायोप्सी, म्हणजे गाठीचा नमुना काढून तपासणे, मात्र जिथे पुढची शस्त्रक्रिया होणार तिथेच, त्याच शल्यविशारदांच्या सल्ल्याने करून घ्या, कारण सुई ज्या वाटेने आत गेली ती वाट शस्त्रक्रियेत गाठीबरोबर काढावी लागते आणि ती भलत्या जागी असली तर पाय वाचवणे कठीण होते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र पथक आहे. प्रवास लांबचा असला तरी तो टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : कर्करोगाची पेशी रूप पालटते, असे वाचले. जनुकांत नवा बिघाड न होताही हे घडू शकते का? (विज्ञान शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : घडू शकते, आणि सार्कोमाच्या आक्रमकतेचे एक मोठे कारण हेच आहे. डीएनए तोच राहतो. त्यातली कोणती जनुके चालू आणि कोणती बंद, हे बदलते. स्तनाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगात एकमेकींना धरून असलेल्या अस्तर-पेशी पकड सोडतात, संयोजी ऊतींतल्या पेशींसारख्या फिरत्या होतात आणि नव्या जागी पोचल्यावर पुष्कळदा पुन्हा अस्तर-पेशींसारख्या वागू लागतात. सार्कोमा हाड, स्नायू, चरबी अशा ऊतींतून उपजत असल्याने त्याच्या पेशी मुळातच फिरत्या वळणाच्या असतात, तरीही त्या एकाच अवस्थेत थांबत नाहीत. काही सार्कोमांत अस्तर-पेशींचे गुण अंशतः दिसतात आणि अशा रुग्णांची वाटचाल तुलनेने बरी असल्याचे आढळले आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये वर्णन केलेला, मुख्यतः मुलांच्या आणि तरुणांच्या हाडांत होणारा युइंग सार्कोमा. त्यात ११ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बहुतेक रुग्णांत ईडब्ल्यूएसआर१-एफएलआय१ हे जोडजनुक, म्हणजे दोन जनुकांचे तुकडे जुळून बनलेले जनुक, तयार होते. त्याची ओळख १९९२ मध्ये पटली. त्यापासून बनणारे प्रथिन डीएनएमधल्या 'जीजीएए' या अक्षरांच्या लांबलचक पुनरावृत्तींवर जाऊन बसते आणि एरवी निष्क्रिय असलेल्या त्या जागांना जनुके चेतवणारी केंद्रे बनवते. मात्र या प्रथिनाचे प्रमाण पेशीगणिक आणि वेळोवेळी कमीजास्त होते. ते भरपूर असले की पेशी भराभर विभाजित होते. कमी झाले की विभाजन मंदावते, पण भोवतालच्या ऊतींत शिरण्याची आणि दूर सरकण्याची क्षमता वाढते. एकाच गाठीत वाढणाऱ्या आणि पसरणाऱ्या अशा दोन्ही पेशी असतात आणि त्या एकमेकींचे रूप घेऊ शकतात. म्हणूनच हे प्रथिन अर्धवट दडपणारे औषध पुरेसे ठरणार नाही, उलट फिरत्या पेशींना वाव देईल, ही भीती मला रास्त वाटते.

प्रश्न : भावाच्या मांडीतली गाठ काढली. सायनोव्हियल सार्कोमा असावा म्हणतात, पण 'फिश' तपासणीसाठी नमुना मुंबईला पाठवायचा आहे. तिची खरोखर गरज आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आहे. सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळे सार्कोमा एकसारखे दिसू शकतात, कारण पेशीचे रूप फसवे असते. गुणसूत्रांतली तुटातूट मात्र टिकून राहते. या तपासणीत, सायनोव्हियल सार्कोमा या मऊ ऊतींतल्या कर्करोगात तुटणाऱ्या एसएस१८ जनुकाच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा चकाकणारा ठिपका जोडतात. जनुक शाबूत असेल तर दोन्ही ठिपके लगटून दिसतात. ते तुटून एक्स गुणसूत्राशी जोडले गेले असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. नमुना काढल्याबरोबर फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तो टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात, गेला होता ना, याची खात्री करा. हाडाचा नमुना असता तर आणखी एक गोष्ट विचारायला सांगितली असती : तो मऊ करताना तीव्र आम्ल वापरले तर डीएनए खराब होतो आणि ही तपासणी वाया जाऊ शकते.

प्रश्न : सार्कोमावर समुद्री जीवापासून औषध निघाले आहे, हे खरे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, मालवण)

उत्तर : खरे आहे. ट्रॅबेक्टेडिन हे कॅरिबियन समुद्रातल्या, एका जागी चिकटून राहणाऱ्या एका जीवात सापडले. आता ते जिवाणूपासून मिळणाऱ्या रेणूवर रासायनिक प्रक्रिया करून बनवतात. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये चरबीच्या आणि स्नायूंच्या काही पसरलेल्या सार्कोमांसाठी मान्यता मिळाली. मिक्सॉइड लायपोसार्कोमा या चरबीच्या सार्कोमाच्या प्रकारात ते एफयूएस-डीडीआयटी३ या जोडप्रथिनाची डीएनएवरची पकड सोडवते, आणि अडून राहिलेल्या पेशी पुन्हा परिपक्व चरबी-पेशी होण्याच्या वाटेला लागतात. पेशीची बदलण्याची क्षमता इथे रुग्णाच्या बाजूने वापरता आली.