उताऱ्याचा आकडा वाचण्याआधी: कृषी संशोधनाच्या उंबरठ्यावरच्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची यादी दोन्ही नीट वाचलं. एम.एस्सी.चा विषय ठरवायची वेळ आली की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो, तेव्हा तुला आला यात नवल नाही. जनुक-संपादन घेऊ, मातीतले सूक्ष्मजीव घेऊ, की उसातली कृत्रिम बुद्धिमत्ता घेऊ, असं तू विचारलं आहेस. गेल्या चार-पाच वर्षांतले शोधनिबंध तू मन लावून वाचलेले दिसतात. पण प्रत्येक निबंधापुढे तू एकच गोष्ट टिपली आहेस, ती म्हणजे उत्पादन किती टक्क्यांनी वाढलं. तो आकडा कुणी, कुठल्या जमिनीत, कशाच्या तुलनेत आणि कसा मोजला, हे यादीत एकाही ठिकाणी नाही. मला तुझ्याशी बोलायचं आहे ते याच रिकाम्या रकान्याबद्दल.

विषयांची पुण्यात काय टंचाई? शिवाजीनगरला तुझं कॉलेज, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आघारकर संशोधन संस्था, मांजरीला द्राक्षाचं राष्ट्रीय केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, राजगुरुनगरला कांदा-लसूण, बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणावर काम करणारी संस्था. सकाळी एसटीने गेलीस तर संध्याकाळी घरी परत येशील. विषय मिळेल. मोजमापाची सवय मात्र आत्ताच लागली तर लागते. एकदा प्रबंधाची घाई सुरू झाली की कुणाला सवड नसते.

पीक कापणी प्रयोगापासून सुरुवात करू या, म्हणजे शेतातला ठरावीक मापाचा तुकडा कापून त्यावरून हेक्टरी उत्पादन, म्हणजेच उतारा, काढायच्या पद्धतीपासून. पांडुरंग सुखात्मे हे नाव तू संख्याशास्त्राच्या तासाला ऐकलं असशील. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत मोठ्या पदावर गेले आणि उतारवयात पुण्यातच राहिले. १९४० च्या दशकात पिकाच्या उताऱ्याचा अंदाज काढण्यासाठी शेतातला केवढा तुकडा कापावा, यावरून त्यांचा आणि संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा मोठा वाद झाला. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे. काम झटपट होतं, पुष्कळ शेतं पाहून होतात. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी पानसे यांनी दाखवून दिलं की तुकडा जितका लहान, तितका उतारा फुगलेला निघतो.

का फुगतो, ते शेतात उभं राहिल्यावर लगेच कळतं. चौकटीची दोरी ताणली की काही झाडं बरोबर दोरीवर येतात. बुंधा बाहेर, फांद्या आत. सोयाबीनचं झाड असेल तर शेंगा निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. कापणाऱ्या माणसाचा हात अशा झाडाकडे आपोआप जातो. चांगलं भरलेलं झाड सोडवत नाही. यात लबाडी नसते, हाताला तशी ओढच असते. आता हिशेब कर. एक मीटर बाय एक मीटरच्या चौकटीत एक चौरस मीटर क्षेत्राला चार मीटर दोरी आहे. दहा बाय पाचच्या चौकटीत पन्नास चौरस मीटरला तीस मीटर, म्हणजे चौरस मीटरमागे जेमतेम ६० सेंटिमीटर. संशयाची झाडं दोरीवरच असतात, म्हणून जिथे क्षेत्राच्या मानाने दोरी जास्त तिथे चूकही जास्त. आणि पन्नास चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तिथे एक किलो जादा आलं की कागदावर हेक्टरी दोन क्विंटल वाढतात. लहान चौकटीत तर विचारूच नको.

हा सगळा प्रकार ऐंशी वर्षांपूर्वीचा म्हणून सोडून देऊ नकोस. तुझ्या यादीतल्या निबंधांपैकी काहींमध्ये उतारा एका चौरस मीटरच्या चौकटीतून काढून हेक्टरवर नेलेला असेल. शोध, नक्की सापडेल. तसं दिसलं की निबंध लगेच टाकून द्यायचा नाही. कडेच्या ओळी सोडल्या होत्या का, दोरीवरच्या झाडांचा नियम आधी ठरला होता का, हे बघायचं. चांगला लेखक ते लिहितोच.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. एका वाणाचं सोयाबीन आज मळलं, दुसऱ्याचं चार दिवसांनी, मधे ऊन पडलं. पहिल्याच्या दाण्यात १८ टक्के ओलावा होता आणि दुसऱ्याच्या १२ टक्के. पहिल्याचा उतारा हेक्टरी २० क्विंटल भरला असेल तर १२ टक्क्यांवर आणल्यावर तो साधारण १८.६ राहतो. बाकीचं वजन पाण्याचं होतं. सात-आठ टक्के वाढ म्हणून जे जाहीर होतं, ते कधीकधी याहून वेगळं नसतं. म्हणून वजनाच्या शेजारी ओलाव्याचा रकाना नसलेली वही मला दाखवायला आणू नकोस, हे आधीच सांगते.

आता जरा प्रयोगशाळेत येऊ. कारण तुझ्या मनात कुठेतरी असं आहे की चुका शेतात होतात, यंत्र मात्र खरं बोलतं. आघारकर संस्थेने एमएसीएस ४०२८ हा बन्सी गव्हाचा जैवसमृद्ध, म्हणजे दाण्यातच पोषकद्रव्यं जास्त असलेला, वाण दिला, त्याच्याबद्दल तू लिहिलं आहेस: प्रथिनं १४.७ टक्के, जस्त दर दशलक्ष भागांत ४०.३, लोह ४६.१. कोरडवाहू गव्हात एवढं साधणं फार मोलाचं काम आहे. पण लोह मोजणं किती नाजूक असतं ते बघ. दर दशलक्ष ४६ भाग म्हणजे किलोभर गव्हात ४६ मिलिग्रॅम लोह. मातीत लोह टक्क्यांत असतं. पाच टक्के धरलं तर एक ग्रॅम मातीत ५० मिलिग्रॅम झालं. म्हणजे किलोभर दाण्यात एक ग्रॅम धूळ राहिली तरी आकडा दुपटीच्या वर जातो. खळ्यावरची धूळ, हाताचा घाम, लोखंडी चक्की, सगळंच त्यात भर घालतं. म्हणून जाणकार प्रयोगशाळा लोहाबरोबर अ‍ॅल्युमिनियमही मोजतात. दाण्यात ते नसल्यातच जमा आणि मातीत भरपूर, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम वर गेलेलं दिसलं की नमुना मातीने खराब झाला हे कळतं. जैवसमृद्ध पिकांवरचा कुठलाही निबंध उघडलास की आधी अ‍ॅल्युमिनियमचा उल्लेख आहे का ते पाहा. मला ही युक्ती फार आवडते. मोजणाऱ्याने स्वतःच्या चुकीला पकडण्यासाठी आधीच लावून ठेवलेला हा सापळा आहे.

भाताबद्दल तू उत्साहाने लिहिलं आहेस आणि तो उत्साह मलाही आहे. ४ मे २०२५ ला भारताने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा डीआरआर धान १०० म्हणजे ‘कमला’, सांबा महसुरीपासून केलेला. आणि दिल्लीच्या पुसा संस्थेचा पुसा डीएसटी राइस १, एमटीयू १०१० पासूनचा. बाहेरचं जनुक घातलेलं नाही, आहे त्याच जनुकात बदल केला आहे. २०२२ मध्ये केंद्राने अशा पिकांना जनुकीय सुधारित पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली, त्याशिवाय हे शेतापर्यंत पोचलं नसतं. ‘कमला’त सीकेएक्स२ या जनुकावर काम झालं. त्याचा जोर कमी झाला की लोंबीत दाण्यांची संख्या वाढते.

पण तू वहीत ‘उत्पादन ३० टक्के जास्त’ एवढंच लिहून पुढे गेलीस. तो आकडा पुसा डीएसटीचा आहे, आणि तोही किनाऱ्यावरच्या खाऱ्या जमिनीतला. क्षारपड (क्षार साठलेल्या) आणि चोपण (अल्कलीयुक्त) जमिनीतले आकडे त्याहून बरेच खाली आहेत. भोर-वेल्ह्यात इंद्रायणी भात लावणाऱ्याला हे ३० टक्के सांगून काय उपयोग? पनवेलच्या खार जमिनीत मात्र हाच आकडा कान टवकारून ऐकण्यासारखा आहे. वाण जाहीर झाल्यानंतर चाचण्यांच्या आकड्यांवरून वाद झाला, टीकाकारांनी अहवालांवर बोट ठेवलं, भारतीय कृषी संशोधन परिषदेने आरोप फेटाळले. अशा वेळी आपण कुठल्या गोटात आहोत हे ठरवायची घाई करू नये. वार्षिक अहवाल काढावेत, मूळ वाण आणि नवा वाण शेजारी ठेवावेत, किती ठिकाणी आणि किती हंगाम घेतले ते पाहावं. एक संध्याकाळ द्यावी लागेल, पण टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा तुला जास्त कळेल.

आपल्या एकाच जिल्ह्याकडे बघ ना. लोणावळ्यात पावसाळ्यात ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बारामती-इंदापूरकडे वर्षाला ५०० ते ६००. एका टोकाला भाताची खाचरं, दुसऱ्या टोकाला ठिबकवरचा ऊस. ‘पुणे जिल्ह्यात चाचणी घेतली’ या वाक्यावरून काहीच कळत नाही, आणि असं वाक्य आपल्या प्रबंधांत सर्रास असतं.

बारामतीच्या उसातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल थोडक्यात. उपग्रह, जमिनीतले संवेदक, हवामान केंद्र यांची सांगड घालून पाणी आणि खत ठरवायचं, ही कल्पना मला पटते. तिथे जाऊन एकच प्रश्न विचार: तुलना कुणाशी केली? पुढे होऊन प्रयोगात नाव घालणारा शेतकरी बहुधा आधीपासूनच बेणं निवडून लावणारा, वेळेवर बांधणी करणारा असतो. त्याच्या शेताची तुलना तालुक्याच्या सरासरीशी केली तर यंत्राशिवायही तो पुढेच दिसेल. त्याच्याच शेताचा अर्धा भाग नेहमीच्या पद्धतीने ठेवला असेल, तर बोलण्यात अर्थ आहे.

तू मला पसंतीचं विचारलंस म्हणून सांगते, यादीतला माझ्या मनात घर करून बसलेला विषय गव्हाचा आहे. जपानच्या जिरकास संस्थेतले जी. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम. लायमस रॅसिमोसस नावाचं एक रानगवत आहे. त्याच्या मुळांतून असे पदार्थ पाझरतात की मातीतल्या अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात. त्या गवताच्या गुणसूत्राचा तुकडा संकराने गव्हात आणला, आणि गव्हाची मुळंही तेच करू लागली. आपण टाकलेल्या युरियातलं जवळजवळ निम्मं नत्र पिकाला मिळतच नाही. नायट्रेट झालं की ते पाण्याबरोबर खाली जातं, नाहीतर नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमान वाढवतो. गहूच जर ती गळती आवरू लागला तर गोणीमागे शेतकऱ्याचे पैसे वाचतील, विहिरीतलं पाणीही सुधारेल.

आता यात तुझा प्रश्न कुठे आहे ते बघ. आपली काळी जमीन विम्लधर्मी (अल्कलीयुक्त), सामू (पीएच) आठच्या आसपास, चुनखडी भरपूर, ऊन कडक. मुळांतून पाझरणाऱ्या अशा पदार्थांचं काम मातीच्या सामूवर बरंच अवलंबून असतं. मग आपल्या जमिनीत हा गुण टिकतो का? आणि ज्वारीच्या मुळांतूनही असाच सॉर्गोलिऑन नावाचा पदार्थ पाझरतो हे माहीत आहे, तर आपल्या मालदांडी ज्वारीत तो किती? गव्हाचं ते बियाणं तुला सहजी मिळणार नाही, पण मालदांडी मिळेल, काळी माती मिळेल, आणि अमोनियम-नायट्रेट मोजायची सोय तुझ्या विभागात आहे. दोन वर्षांत पुरा होईल एवढा हा प्रश्न आहे. जनुक-संपादनाचं आकर्षण मला कळतं, पण दोन वर्षांतलं निम्मं आयुष्य रसायनं मागवण्यात जाईल.

निबंध कुठे छापायचा याची चिंता आत्ताच करू नकोस. एवढंच लक्षात ठेव की चांगल्या नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी, जिचं काम इथल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता पारख स्वतःलाच करावी लागते. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या म्हणणाऱ्यांचे मेल तुला येतीलच. त्यांना उत्तरही देऊ नकोस. ज्या नियतकालिकातले निबंध वाचून तू खरोखर काही शिकलीस, तिथेच पाठव. परत आलं तरी परीक्षकांच्या शेऱ्यांतून शिकायला मिळतं.

आणि एमपीएससीबद्दल तू जरा ओशाळून लिहिलं आहेस. कशाला ओशाळायचं? घरची परिस्थिती मला माहीत आहे, अभ्यासिका सोडू नकोस. उद्या कृषी अधिकारी झालीस तर गावोगावचे पीक कापणी प्रयोग तुझ्या नजरेखाली होतील, आणि त्या उताऱ्यावर पीकविम्याची भरपाई ठरते. दोरीवरचं झाड आत धरलं की उतारा वाढतो, आणि उतारा वाढला की दुष्काळात होरपळलेल्या सबंध महसूल मंडळाची भरपाई कमी होते. संशोधनात राहिलीस किंवा नाही राहिलीस, ही शिकलेली गोष्ट तुला लागणारच आहे.

दसऱ्याच्या आसपास कॉलेजच्या प्रक्षेत्रावर सोयाबीनची कापणी निघेल. सरांची परवानगी काढ आणि एकाच वाफ्यात तीन मापांची चौकट टाक: एक बाय एक, दोन बाय दोन, पाच बाय पाच. जागा चिठ्ठ्या टाकून ठरव, डोळ्यांना बरी वाटेल ती नको. दोरीवरच्या झाडाचं काय करायचं ते आदल्या दिवशी वहीत लिहून ठेव. बुंधा आत असेल तर झाड आत, हा नियम साधा आणि पुरेसा आहे. एकदा तू काप, एकदा रोजच्या कामावरच्या मावशींना काहीही न सांगता कापू दे. वजन आणि ओलावा त्याच दिवशी घे. सरासरी काढू नकोस, आलेख काढू नकोस, संगणकावरही चढवू नकोस. खाडाखोड असेल तशी वही घेऊन दिवाळीच्या सुट्टीत घरी ये, आपण दोघी मिळून बघू. येताना विभागातून मालदांडीचं थोडं बियाणं मिळालं तर तेही आण. रब्बीची पेरणी तोवर बहुतेक उरकलेली असेल, पण कुंडीत लावून मुळं पाहता येतील.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझी,
मॅडम
पुणे