तेलाचा डबा बदलण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

यकृतात चरबी साठल्याचे निदान झालेल्या तुझ्या रुग्णाने करडईचे तेल बंद करून सगळा स्वयंपाक तुपात आणि खोबरेलात सुरू केला, कारण बियांची तेले यकृत बिघडवतात असे त्याने कुठेतरी ऐकले, हे वाचून मला त्याची काळजी वाटली.

स्वीडनमधील उप्साला येथील, २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तू मुळातून वाच. ३९ तरुण, सडपातळ व्यक्तींना सात आठवडे नेहमीच्या जेवणाखेरीज मफिन खायला दिले. एका गटाच्या मफिनमध्ये पामतेल होते, दुसऱ्याच्या मफिनमध्ये सूर्यफुलाचे तेल. वजन दोन्हीकडे सारखेच वाढले, परंतु यकृतातील चरबी पामतेलाच्या गटात कितीतरी अधिक वाढली. पामतेलात संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी निम्म्याच्या आसपास असते. खोबरेलात ती नव्वद टक्क्यांच्या जवळ जाते. शिवाय संपृक्त चरबीमुळे यकृताच्या पेशींवरील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, रक्तातून टिपून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) कमी होतात आणि ते कोलेस्टेरॉल रक्तात फिरत राहते, म्हणून यकृत आणि हृदय यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

आता विरुद्ध बाजूचा पुरावाही लपवू नकोस. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९६८ ते १९७३ या काळात नऊ हजारांहून अधिक लोकांवर संपृक्त चरबीऐवजी मक्याचे तेल देण्याचा प्रयोग झाला; कोलेस्टेरॉल उतरले, मृत्यू मात्र घटले नाहीत, आणि त्याची आधी अप्रकाशित राहिलेली आकडेवारी २०१६ साली पुढे आली. बियांच्या तेलांवर संशय घेणारे याच प्रयोगाचा दाखला देतात, आणि तो गंभीरपणे घ्यायलाच हवा. मात्र त्यातील बहुसंख्य लोक वर्षभरही त्या आहारावर नव्हते, आणि हृदयरोग वर्षानुवर्षे मुरतो. शिवाय त्यावरून तूप किंवा खोबरेल हितकर ठरत नाही.

लोकांच्या संशयाला एक खरा आधार आहे. ही तेले बहुधा फरसाण, वेफर्स आणि पुन्हापुन्हा तापवलेल्या कढईतल्या वड्यांतून पोटात जातात. तेथे दोष बियांचा नसून जळक्या तेलाचा, मैद्याचा आणि अतिरेकाचा असतो. यकृतात साठणारी चरबी थेट ताटातून थोडीच येते. बरीचशी अंगावरच्या चरबीतून येते आणि काही यकृत स्वतः साखर व पिष्टापासून बनवते.

म्हणून पुढच्या भेटीला त्याच्या घरी जे कोणी स्वयंपाक करते, त्यांनाही बोलाव. महिन्याला किती तेल आणि तूप संपते व जेवणारे किती, हे आधी विचार. चार माणसांत पाच लिटर तेल म्हणजे माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम, अर्थात जवळपास ३४० किलोकॅलरी. हा हिशेब त्यांच्यासमोरच कागदावर मांड. चहातील साखर आणि गोड पेयेही त्याच कागदावर लिही. मग करडई किंवा शेंगदाण्याचे तेल मोजून परत सुरू करायला सांग. वरणावर चमचाभर तूप राहू दे. तीन महिन्यांनी एलडीएल आणि यकृताच्या तपासण्या करून आकडे मला कळव.

तुझा हितचिंतक