विश्वाची ‘फुगवण’ म्हणा, पण ‘मानवकेंद्री’ नको

सातपूरच्या एका ताईंनी विचारलंय, मुलाच्या विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर कॉस्मिक इन्फ्लेशनला ‘विश्वाचं प्रसरण’ आणि अँथ्रॉपिक रीझनिंगला ‘मानवकेंद्री विचार’ लिहिलं तर चालेल का.

ताई, प्रसरण नका लिहू. प्रसरण आजही चालूच आहे. भौतिकशास्त्रज्ञ ॲलन गुथ यांनी १९८१ च्या पेपरात इन्फ्लेशन म्हणून मांडलं ते वेगळं, अगदी सुरुवातीला सेकंदाच्या कल्पनेपलीकडच्या बारीक तुकड्यात विश्व निदान १ वर २६ शून्यं इतक्या पटीनं ताणलं गेलं आणि मग तो वेग ओसरला. पैशाच्या इन्फ्लेशनला आपण चलनफुगवटा म्हणतोच, पण फुगवटा म्हणजे फुगलेला भाग, फुगण्याची क्रिया नाही. त्या क्रियेला शब्द हवा तर नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात, निफाड-पिंपळगावकडे जा. ज्वारीएवढे मणी असताना द्राक्षाचे घड जीएच्या (मणी फुगवणाऱ्या संप्रेरकाच्या) पाण्यात बुडवतात आणि पुढे बागायतदार सांगतो, ‘यंदा फुगवण चांगली झाली’. मला हाच शब्द हवाय!

‘मानवकेंद्री’ तर अर्थच उलटा करतो. भौतिकशास्त्रज्ञ ब्रँडन कार्टर यांनी हे अँथ्रॉपिक तत्त्व १९७३ मध्ये पोलंडमधल्या क्राकोला, पृथ्वी केंद्रात नाही म्हणणाऱ्या कोपर्निकसच्या ५०० व्या जयंतीच्या परिषदेत मांडलं, आणि त्यात माणूस केंद्रात आहे असं म्हणणं नव्हतंच, म्हणणं एवढंच की जिथे बघणारा टिकू शकतो तिथूनच तो बघणार. (‘अँथ्रॉपिक’ शब्द जरा जपून निवडायला हवा होता असं पुढे त्यांनीही लिहिलं.) बघा, निफाडचा माणूस म्हणतो इथली हवा जणू द्राक्षासाठीच केलीय, पण याच जिल्ह्यात इगतपुरीला धो धो पाऊस आणि भातखाचरं, तिथे बागायतदारच नाही तर हे म्हणणार कोण. मल्टिव्हर्सचं, म्हणजे अनेक विश्वांच्या कल्पनेचं, तसंच, फुगवण एका भागात थांबली तरी दुसरीकडे चालू राहते आणि प्रत्येक भागात निसर्गाचे आकडे वेगळे पडू शकतात असं काही सिद्धांत सांगतात. १९८७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी दाखवलं की विश्वस्थिरांक (रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेचा, विश्वाला ताणणारा आकडा) फार मोठा असता तर दीर्घिकाच जमल्या नसत्या, म्हणजे तो मोजायलाही कोणी नसतं. अर्थात इगतपुरी आपण जाऊन बघू शकतो, दुसरी विश्वं नाही, आणि ती नसतील तर या युक्तिवादातला जोरच जातो, हेही मुलाला सांगा.

म्हणून मी ‘निरीक्षक-अट’ म्हणेन. तक्त्यावर ‘विश्वाची फुगवण’ आणि ‘निरीक्षक-अट’ मोठ्या अक्षरात लिहा, खाली बारीक अक्षरात मूळ शब्द देवनागरीत ठेवा, म्हणजे परीक्षक अडखळणार नाहीत.