बंगल्याच्या कौलांना हात लावण्याआधी जीएलआर काढा

देवळाली कॅम्पातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. आजोबांनी खरेदीखताने घेतलेला त्यांचा बंगला ब्रिटिश अमदानीत लष्करी दवाखाना होता. कौलं आणि व्हरांड्याच्या लाकडी जाफऱ्या पूर्वीसारख्या करायला घेतल्या, तोच कॅन्टोन्मेंट बोर्डाची, म्हणजे छावणीचा कारभार बघणाऱ्या मंडळाची, काम थांबवण्याची नोटीस आली. मालकीहक्काचा दावा लावू का? पुणे, खडकी, नगरहूनही हेच विचारलं जातं.

दावा लावू नका. निकालाची वाट बघत तुमचं छप्पर टिकणार नाही. आधी संरक्षण खात्याच्या जमिनी सांभाळणाऱ्या डिफेन्स इस्टेट्स ऑफिसमधून जनरल लँड रजिस्टरचा, म्हणजे जीएलआरचा उतारा काढा. कॅन्टोन्मेंटच्या जमिनींसाठीच्या 1937 च्या नियमांखालच्या या नोंदवहीत जागा 'बी-3, ओल्ड ग्रँट' असेल, तर जमीन सरकारची आणि तुमची फक्त वरची इमारत. मग भोगवटादाराच्या रकान्यात नाव कुणाचं? आजोबांना विकणाऱ्याचंच असेल, तर बोर्डाच्या लेखी तुम्ही त्रयस्थ आहात. वर्षानुवर्षं भरलेली घरपट्टी इथे कामाला येत नाही. दोन पिढ्यांत नाव लावून घ्यायला कुणाला सवड झाली नाही, याचा खरंच राग येतो. आता सरकारच्या परवानगीविना झालेली खरेदी आणि वारस नोंद दोन्ही एकदम निस्तरावं लागेल.

"बोर्डाने महिनाभर उत्तर दिलं नाही की परवानगी मिळाल्यातच जमा," असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. ते अर्धवट आहे. 2006 च्या कॅन्टोन्मेंट कायद्यात महिन्यानंतर लेखी आठवण द्यावी लागते, त्यापुढे आणखी पंधरा दिवस जावे लागतात. शिवाय सरकारी जमिनीवर तो महिना डिफेन्स इस्टेट्सचा अहवाल बोर्डाकडे पोचल्यापासून मोजतात. नाव लागलेलं नसताना त्या मुदतीच्या भरवशावर राहू नका.

तोवर ताडपत्री घाला, पण एकही तुळई काढू नका. सरकारने उद्या जागा परत घेतली, तर भरपाई अधिकृत बांधकामाचीच मिळते. जुनी भिंत पाडलीत, तर हक्काची म्हणून जी एकच वस्तू होती तीच गेली. अर्जात कौलाला कौल, चुन्याला चुना, सागाला साग एवढंच मागा. पुढे होमस्टे काढायचं मनात असेल, तर तो विषय आत्ता काढू नका. वापर बदलणं हेही बांधकामात धरलं जाऊ शकतं.

कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत गेला की सगळं सुटेल, ही आशाही धरू नका. बंगला एरिया, म्हणजे नागरी भागाबाहेरचा जुन्या बंगल्यांचा पट्टा, त्यात येईलच असं नाही.

नोटिशीला मात्र याच आठवड्यात लेखी उत्तर द्या: काम थांबवलं आहे, सोबत तारखेचे फोटो, जीएलआर उताऱ्याची मागणी केली आहे. पोच घ्या. अपिलाची मुदत नोटिशीच्या तारखेपासून चालू झाली असेल, तर ती कुणासाठी थांबणार नाही.