परवाना केसांसाठी नसतो

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. "केस मला आत्ताच चांगले कापता येतात, मग पार्लरच्या परवान्यासाठी प्रशिक्षणाचे एवढे तास कशाला घालवू?" हा प्रश्न तू जरा चिडून विचारला आहेस. चीड कळते, पण गल्लत होतेय. कट छान झाला की नाही हे परवाना बघत नाही, ते क्लायंट आरशात बघून ठरवते. परवाना देणाऱ्यांना एवढंच हवं असतं की तुझ्या खुर्चीत बसलेली बाई जशी आली तशी धडधाकट उठून जावी. हे एकदा डोक्यात बसलं की सगळी परीक्षा वेगळी दिसायला लागते.

मी पहिल्या प्रॅक्टिकलला नापास झाले होते. कट उत्तम होता, आजही मी तसंच म्हणेन! पण मध्येच कंगवा खाली पडला, मी तो उचलला, एप्रनला पुसला आणि काम पुढे चालू केलं. परीक्षक काही बोलल्या नाहीत, फक्त वहीत खूण केली. पडलेली वस्तू वापरलेल्या सामानाच्या डब्यात टाकायची, हात स्वच्छ करायचे आणि दुसरा कंगवा घ्यायचा. हे मला पाठ होतं, तोंडी विचारलं असतं तर धडाधड सांगितलं असतं. हाताला मात्र सवय नव्हती.

म्हणून घरी सराव करशील तेव्हा डमीवरसुद्धा (सरावाच्या केस लावलेल्या डोक्यावर) सगळं खऱ्यासारखं कर. धुणं आणि निर्जंतुक करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आधी ब्रशमधले केस काढायचे, साबणाच्या पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं आणि मगच जंतुनाशक द्रावणात बुडवायचं. तेल, केस, त्वचेचा कोंडा चिकटलेला असेल तर द्रावणाची ताकद त्यातच खर्च होते आणि ओल्या वस्तूने ते पातळ होतं. वस्तू पूर्ण बुडायला हवी. दांडा बाहेर आणि दात आत, असं चालत नाही. किती वेळ ठेवायचं ते लेबलवर असतं, पुष्कळ द्रावणांना 10 मिनिटं लागतात. पार्लरमध्ये गर्दी असली की हीच 10 मिनिटं सगळ्यात आधी चोरली जातात. नखांची कागदी फाइल, लाकडी काडी, कापूस या वस्तू निर्जंतुक होतच नाहीत, एका क्लायंटनंतर फेकायच्या. आणि वॅक्सची काडी एकदा त्वचेला लागली की पुन्हा भांड्यात जाता कामा नये.

आता रसायनं. लेखी परीक्षेत मुलींना याचीच धास्ती असते, खरं तर थोडं समजून घेतलं की फार पाठ करावं लागत नाही. रंगात किंवा ब्लीचमध्ये मिसळतात त्या डेव्हलपरच्या बाटलीवरचा 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, 30 म्हणजे 9, 40 म्हणजे 12. गडद रंग लवकर उडावा म्हणून 40 कडे धावणाऱ्या मुली मी पाहिल्यात, आणि त्यानंतर रबरासारखे ताणले जाणारे केसही. थायोग्लायकोलेट या रसायनाने पर्म केलेल्या, म्हणजे कायमचे कुरळे केलेल्या केसांवर हायड्रॉक्साइडचं रिलॅक्सर (केस सरळ करणारं रसायन) लावू नको, केस तुटतात. क्लायंट "आधी काहीच केलेलं नाही" म्हणाली तरी एक बट घेऊन तपास. मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिश्रणांत धातूचे क्षार असतात, पेरॉक्साइड लागताच ते तापतात.

पॅच टेस्टबद्दल, म्हणजे रंगाची ॲलर्जी आहे का ते आधी तपासण्याबद्दल, मी जरा हट्टी आहे. पुष्कळ केशरंगांत पीपीडी हे ॲलर्जी करू शकणारं रसायन असतं. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावायचा आणि 48 तास वाट बघायची. "मी दहा वर्षं हाच रंग लावते" हे उत्तर ऐकून टेस्ट सोडू नको. ॲलर्जी अकराव्या वर्षीही सुरू होऊ शकते, कारण दर वेळच्या संपर्काने शरीर त्या पदार्थाला ओळखायला शिकत असतं. हाच न्याय तुझ्या हातांनाही लागू आहे, तेव्हा हातमोजे घाल.

डोक्याला किंवा नखाला संसर्गासारखं काही दिसलं तर काम थांबव आणि डॉक्टरांना दाखवायला सांग. कसला आजार आहे ते तू सांगू नकोस. निदान आपल्या परवान्यात बसत नाही, आणि अंदाज चुकला तर तोंडघशी तूच पडशील.

तासांचं म्हणशील तर नियम जागोजागी वेगळे आहेत. अमेरिकेत प्रत्येक राज्य आपला आकडा ठरवतं: कॅलिफोर्नियात आधी 1600 तास होते, 2022 पासून 1000 झाले. जर्मनीत शिकाऊ म्हणून साधारण तीन वर्षं काढावी लागतात आणि स्वतःचं सलून काढायला सहसा माइस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये केशकर्तनकारांच्या नोंदणीचा 1964 चा कायदा आहे, पण नोंदणी ऐच्छिक आहे. तेव्हा मैत्रिणीचा अनुभव ऐकून फी भरू नकोस. तुला जिथे काम करायचंय तिथल्या परवाना देणाऱ्या मंडळाचे नियम स्वतः वाच, आणि तू निवडलेली प्रशिक्षणाची शाळा त्या मंडळाला मान्य आहे का तेही बघ.

शाळेत गेल्यावर दर आठवड्याला भरलेल्या तासांची सही घे आणि प्रत स्वतःजवळ ठेव. माझ्या वेळी एक शाळा मध्येच बंद पडली. ज्यांच्याकडे कागद होते त्यांचे तास दुसरीकडे धरले गेले, बाकीच्या मुली पुन्हा पहिल्या तासापासून बसल्या. शाळा बघायला जाशील तेव्हा विद्यार्थिनी दिवसभर काय करतात ते बघ. नुसतेच टॉवेल धूत असतील तर तिथून निघ.

अर्ज, फोटो, नूतनीकरणाच्या तारखा ही नुसती कारकुनी आहे. तारीख मात्र चुकवू नकोस, परवाना संपलेला असताना केलेलं काम विनापरवानाच धरलं जातं.

परीक्षेचा दिवस ठरला की कळव. सरावाला माझी जुनी डमी घेऊन जा. उजव्या बाजूला तिचे केस विरळ झालेत, पण पार्टिंग घ्यायला चालेल. आणि कंगवे दोन नाही, चार घे.

तुझी,
ताई